डॉक्टरीणबाईंचा आरसा

मुलांनो, तुम्ही सुट्टीत घरी आलात की बूट-मोजे उतरवून तुमचे तळवे पाहिल्याशिवाय मी तुम्हाला स्वयंपाकघरात येऊ देत नाही. "विमानतळावर बॅगा तपासतात, इथे आजी पाय तपासते," असं धाकटा म्हणतो तेही माझ्या कानावर आलेलं आहे. मागच्या खेपेला मोठीने सरळच विचारलं, की आजी, हे तू कुठून शिकलीस? तेव्हा कुकरची शिट्टी झाली आणि उत्तर राहून गेलं. ते आता देते. फोनवर देण्याजोगं ते नाही.

माझं लग्न झालं तेव्हा तुमचे पणजोबा-पणजी पुण्यात होते आणि आजोबा मुळशीला धरणावर इंजिनिअर होते. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. वसाहतीत दहा-बारा बिऱ्हाडं, समोर तलावाचं पाणी, पलीकडे डोंगर आणि पावसाळ्यात धुकं इतकं, की दोरीवर वाळत घातलेलं पातळ चार दिवस ओलंच राही. तलावाच्या काठाकाठाने गेलं की एका टेकाडाआड कौलारू चाळींसारख्या तीन इमारती होत्या. तो महारोग्यांचा दवाखाना. गावातली माणसं त्याचं नाव घेत नसत. "तिकडं" म्हणत. "तिकडली बाई" म्हणजे रोगी बाई, आणि "तिकडली डाक्टरीण" म्हणजे आस्ताबाई.

आस्ता हे त्यांचं नाव. आडनाव आम्हाला कुणालाच नीट म्हणता आलं नाही. त्या नॉर्वेहून आल्या होत्या, मी त्यांना पाहिलं त्याच्या कितीतरी आधी, तरुणपणीच. आजोबांच्या साहेबांनी सुचवलं, की बाई तिथे एकट्या असतात, तुमच्या मिसेसना इंग्रजी येतं, त्यांनी अधूनमधून जात जावं. मी वाटेने दोन-चार चांगली इंग्रजी वाक्यं मनात जुळवत गेले. दारात एक उंच, हाडकुळ्या बाई आल्या. केस वाळलेल्या भाताच्या पेंढ्याच्या रंगाचे, अंगात करडा झगा, त्यावर मोठ्या खिशांचा एप्रन. मी माझं पहिलं वाक्य म्हटलं. त्यांचं लक्ष माझ्या चपलांकडे होतं.

"आत या," त्या म्हणाल्या. "डाव्या पायाला काय झालंय? चप्पल येकाच अंगाला झिजलीया."

आमच्या कॉलेजातल्या एखाद्या गोऱ्या प्राध्यापिकेसारख्या दिसणाऱ्या बाईंच्या तोंडून हे मावळी मराठी ऐकून माझी उरलेली वाक्यं घशातच राहिली. त्या मराठी शिकल्या होत्या ती सगळी रोग्यांकडून. त्यामुळे मायेचे आणि रागाचे सगळे शब्द त्यांना येत, फक्त कुणाशी कोणता वापरावा हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. तुमचे आजोबा पहिल्यांदा माझ्याबरोबर गेले, चांगला कोट घालून, तर त्यांना पाहताच बाई म्हणाल्या, "मेल्या, बूट काढ. पाय बगू." आजोबांनी निमूट काढले. पुढे कित्येक वर्षं घरात काही कामाला त्यांनी टाळाटाळ केली, की मी तेच वाक्य म्हणायची.

एप्रनच्या खिशात त्यांच्याकडे एक कोंबड्याचं पीस असायचं. रोग्याला डोळे मिटायला सांगायच्या, पीस हातावर, पायावर टेकवायच्या आणि विचारायच्या, "कुटं?" रोग्याने बोट ठेवून दाखवायचं. बोट बरोबर जागी पडलं तर "ग्वाड" म्हणायच्या, म्हणजे शाबास. बोट हवेतच घुटमळलं तर पीस पुन्हा टेकवायच्या. त्या आजारात बधिरपणा येतो, मुलांनो. चुलीवरचं तापलेलं भांडं उचललं तरी हाताला कळत नाही, काटा रुतला तरी पायाला कळत नाही. माणूस त्याच काट्यावर दिवसभर चालतो, जखम चिघळते, बोटं जातात. लोकांना वाटे रोगच बोटं खातो. बाई म्हणत, "रोगाला गोळ्या हायेत. पांढऱ्या गोळ्या घेतल्या की तो मरतोय. पन दुकनं जे गेलं, ते माज्याकडं गोळीत न्हाई." दुखणं म्हणजे घरातलं म्हातारं माणूस, असं त्या सांगत. कटकट करतं, पण राखणही करतं. ते गेलं की दार उघडं पडतं.

म्हणून त्यांनी तिथे एक रीत घातली होती. दिवेलागणीला घंटा व्हायची. गावात त्या वेळी तुळशीपाशी दिवा लावत, हात जोडत. इथे ओसरीवर ओळीने कंदील ठेवत आणि रोगी जोडीजोडीने समोरासमोर बसत. एकाने दुसऱ्याचा पाय मांडीवर घ्यायचा आणि तळवा उजेडात धरून पाहायचा. स्वतःचा तळवा स्वतःला नीट दिसत नाही, आणि बोटांना कळत नाही म्हणून चाचपूनही उपयोग नाही. "हाताला इचारू नका, डोळ्याला इचारा," बाई ओळीतून फिरत सांगत. कुणाची चीर, कुणाचा फोड, कुणाचा खडा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, हे लोक कसली पूजा करताहेत.

या पाय पाहण्यापायी एक गंमत होई. बाईंना कुणाचेही पाय पाहायची इतकी सवय होती, की बाजारात, मोटारीच्या थांब्यावर, एखाद्या म्हातारीची फुटलेली टाच दिसली की त्या चटकन वाकून पाय हातात घेत. म्हातारीला वाटे ही गोरी बाई आपल्या पाया पडली. मग ती गडबडून त्यांच्या डोक्यावर हात ठेवी, "सुकी ऱ्हा, बाय. पोराबाळांनी घर भरू दे तुजं." बाई खाली मान घालून टाच पाहत असत. मला हसूही येई आणि कसंसंही होई. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. घर म्हणजे एक खोली, एक पडवी, खिडकीपाशी दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर नेहमी लोकरीचे गुंडे पडलेले असत. त्या खुर्चीवर बसायला कुणी येत नसे. रोगी संकोचाने खाली बसत आणि गाव त्या घरात पाणी पीत नसे.

एकदा डिसेंबरात मी गेले तर खिडकीत एक दिवा लावून ठेवलेला. हौसाबाई नावाची एक रोगी बाई पडवी झाडत होती. तिने विचारलं, "कोन यायचंय, बाई?"

"कुनी न्हाई," बाई म्हणाल्या. "आमच्याकडं ह्या दिवसांत लावत्यात."

"मंग इजवा की. राकेल जळतंय."

"ऱ्हाऊ दे," बाई म्हणाल्या, आणि तलावाकडे पाहत राहिल्या. त्यांच्या गावीही असंच डोंगरांमधलं लांबच लांब पाणी होतं म्हणे. त्या पाण्याच्या काठी, त्यांच्या आजीच्या काळात, असंच एक महारोग्यांचं घर होतं. "आमच्याकडं बी हुता ह्यो आजार," त्या सांगत. "तितं संपला. हितं बी संपंल." एवढंच मी त्यांच्या तोंडून त्यांच्या देशाबद्दल ऐकलं.

आता हौसाबाईबद्दल. ती कासारसाई गावची सून. अंगावर चट्टे उठले तेव्हा नवऱ्याने, ज्ञानोबाने, तिला बैलगाडीतून इथे आणून सोडलं. पहिल्या वर्षी तो भेटायला आला, मग यायचा थांबला. हौसाबाई बडबडी, फटकळ आणि कामाला वाघीण होती. बाईंच्या घरची भाकरी तीच करायची. फडक्याशिवाय तवा धरला म्हणून बाई तिला ओरडायच्या, आणि बाई भिजून आल्या की ती बाईंना ओरडायची. दिवसभर त्या दोघींचं भांडण चाले. मला वाटतं, बाईंना घर असं काही असेल, तर ते त्या भांडणात होतं.

तिच्या पायांना बाईंनी वहाणा करवून घेतल्या होत्या, तशा सगळ्यांनाच. तळाला मोटारीच्या टायरचा तुकडा, वर मऊ रबर, पट्टे शिवलेले. खिळा एकही नाही, कारण खिळा वर आला तर त्या पायांना कळणार नाही. झोपताना सोडून पाय उघडा ठेवायचा नाही, हा बाईंचा कायदा. पण त्या वहाणाच घात करत. पौडच्या बाजारात त्या वहाणा लांबून ओळखू येत. दुकानदार पुडी हातात न देता ओट्यावर ठेवून मागे सरके. मोटारीत शेजारचं माणूस उठे. काही रोगी गेटाबाहेर पडले की वहाणा झुडपात लपवून अनवाणी जात आणि पाय फोडून येत.

बाईंनी त्यांना रागावणं सोडून दिलं. त्यांनी स्वतःला तशीच जोडी करवून घेतली आणि त्यानंतर दुसरं काही पायांत घातलं नाही. पावसाळ्यात डोक्यावर इरलं, पायांत त्या वहाणा, अशा त्या बाजारात फिरत. एकदा मी बरोबर होते. वाण्याने खाली मान घालून साखर बांधली, समोरच्या वहाणा पाहिल्या आणि पुडी ओट्याच्या कडेला सरकवली. मग वर पाहिलं.

"बाई, तुमी व्हय," तो ओशाळून म्हणाला.

"मीच. पुडी हातात द्या."

त्याने दिली. त्यानंतर त्याने वर पाहिल्याशिवाय कुणाची पुडी ओट्यावर ठेवली नाही. एवढंच झालं, पण बाई त्या दिवशी खुशीत होत्या.

हौसाबाईच्या अंगातला रोग गेला. बाईंनी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं आणि एके दिवशी भात झोडून झाल्यावर म्हणाल्या, "हौसा, आता घरी."

हौसाबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "कोन घेतंय मला घरात? आन तुमची भाकर कोन करनार?"

"माजी मी करीन."

"तुमची भाकर म्या बगितलीया," हौसाबाई म्हणाली. "कुत्रं बी वास घेऊन जाईल."

बाई हसल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, की तुम्ही बरोबर चला, चांगल्या घरची बाई बरोबर असली म्हणजे दार तरी उघडतील. आपल्या सगळ्यांत जवळच्या माणसाला स्वतःपासून लांब नेऊन सोडण्यासाठी त्या माझी मदत मागत होत्या, आणि हे आम्हा तिघींनाही कळत होतं.

दवाखान्याची जीप ओढ्यापर्यंत गेली. हौसाबाईला तिथेच बाभळीखाली बसवून आम्ही दोघी शेताच्या बांधावरून घराकडे गेलो. तिची सासू गंगूबाई ओसरीवर सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. ज्ञानोबा गोठ्याच्या दारात उभा होता. त्याने बाईंना ओळखलं आणि तो आत सरकला.

"कोन गं तुमी?" म्हातारीने विचारलं.

मी बोलायला तोंड उघडलं, पण बाईंची नजर म्हातारीच्या टाचांवर गेली होती. त्या वाकल्या आणि तिचा पाय दोन्ही हातांत घेतला. म्हातारीने सूप खाली ठेवलं आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "सुकी ऱ्हा, बाय. पोराबाळांनी घर भरू दे तुजं."

"चीर लई खोल हाय," बाई खालूनच म्हणाल्या. "दुकत आसंल."

"दुकतंय की. सांच्याला पाय टेकवत न्हाई."

"मंग बरं हाय."

"ह्यात काय बरं, बाय?"

"दुकतंय म्हंजी पाय जिता हाय. तुमच्या सुनंच्या पायाला दुकतच न्हाई."

म्हातारीने पाय ओढून घेतला. शेजारच्या दोन बाया कुडाशी येऊन उभ्या राहिल्या.

"तिकडल्या व्हय तुमी," म्हातारी म्हणाली.

"व्हय. हौसाला पुरतं बरं हाय. तिच्यापास्नं कुनाला काय व्हायचं न्हाई. मी तिच्या हातचं रोज खातुया."

"आन त्या वहाणा? समदा गाव वळखतुया त्या. घरात चुलीम्होरं वहाणा घालून फिरायची का ती?"

अडणार ते इथेच अडणार, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी आपल्या पायांतल्या वहाणा काढल्या आणि म्हातारीच्या पायांत घातल्या. म्हातारी इतकी चकित झाली, की तिने घालू दिल्या.

"उबं ऱ्हावा."

म्हातारी उभी राहिली. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. "ढगळ हायेत," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पन मऊ हायेत."

"तुमच्या मापाच्या करून धाडते. चीर भरंल. पन घरात बी घालायच्या, तुमी बी आन तिनं बी. घरातली जोडी निराळी करू."

"चुलीम्होरं वहाणा? देव काय म्हनंल?"

"देव पायाकडं बगत न्हाई. ते काम माजं हाय."

कुडापाशी एक बाई फिसकन हसली. गंगूबाईलाही हसू आवरेना, आणि हसू आल्यावर चेहरा पुन्हा कडक करणं तिला जमेना. ती ओसरीवर बसली. "पाया पडलेल्या बाईला दारातनं तशीच लावून देऊ व्हय मी?" ती आतल्या दिशेला ओरडली. "ज्ञान्या, लपतुयास काय. कुटं बसवलीया तिला? जा, घेऊन ये."

ज्ञानोबा बांधावरून आधी चालत आणि मग धावत गेला.

म्हातारीने आम्हाला गूळ-पाणी दिलं. बाईंनी वहाणा परत मागितल्या नाहीत. "माज्या येईस्तोवर ह्या ऱ्हाऊ द्या," असं म्हातारीच म्हणाली. निघताना, ज्ञानोबाबरोबर आलेली हौसाबाई दारात पाठ फिरवून उभी होती. बाईंनी तिला फक्त, "तवा फडक्यानं धर," एवढं सांगितलं, आणि त्या कापलेल्या भाताच्या धसकटांतून अनवाणी चालू लागल्या.

जीपमध्ये मी त्यांना म्हटलं, "म्हातारीला वाटलं, तुम्ही तिच्या पाया पडलात. म्हणून तिने आशीर्वाद दिला."

"मला म्हाईत हाय. समद्यांना तसंच वाटतंय. पैल्या वर्साला कळलं मला."

"मग कधी सांगितलं कसं नाही?"

त्या बाहेर पाहत होत्या. "देत्यात," म्हणाल्या. "घ्यावं."

मुळशीला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. घंटा होऊन गेली होती आणि ओसरीवर जोड्या बसल्या होत्या. बाई लंगडत आपल्या घराकडे गेल्या. त्यांची पिशवी माझ्याकडे राहिली होती म्हणून मी मागोमाग गेले. त्या पडवीत खाली बसल्या होत्या. शेजारी कंदील होता आणि समोर फरशीवर पुरुष दाढीला वापरतात तसला एक छोटा आरसा. त्यावर पाय धरून त्या तळव्यात घुसलेला काटा शोधत होत्या. तेव्हा मला समजलं, की त्या रीतीतून त्यांनी स्वतःलाही वगळलं नव्हतं. रोज सगळ्यांच्या जोड्या बसल्या, की त्या इथे येऊन आपले पाय पाहत. जोडीला कुणी नव्हतं, म्हणून आरसा.

"मी काढू का?" मी म्हटलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि मग माझ्याशी आयुष्यात एकदाच इंग्रजीत बोलल्या. मला याची सवय आहे, असं काहीसं. मी पिशवी ठेवून आले.

हौसाबाई पुढे वर्षातून एकदा, नवा तांदूळ झाला की, वहाणा बदलून न्यायला यायची. बरोबर सासूच्या झिजलेल्या वहाणाही आणायची. गंगूबाई त्या वहाणा घालून लग्नाकार्यांना जाई म्हणे, आणि गावातल्या आणखी दोघी-तिघी म्हाताऱ्यांनी तसल्याच मागून घेतल्या होत्या. बाई भाकरी स्वतः करत. ती कशी होत असे ते मी लिहीत नाही. त्यांचे केस पांढरे झाले, गुडघे धरले. खुर्चीवरचे लोकरीचे गुंडे तिथेच राहिले. त्यांना इथे पाठवणाऱ्या संस्थेने परत बोलावलं होतं, असं आजोबांनी ऐकलं होतं. त्या गेल्या नाहीत. तिथे तरी कोण होतं, आई गेल्याला किती वर्षं झाली होती.

मग आजोबांची बदली झाली. सामान बांधून झालं आणि मी निरोप घ्यायला संध्याकाळची तलावाकाठाने गेले. सुगी झालेली होती. घंटा वाजली, ओसरीवर कंदील लागले. बाईंच्या पडवीतही कंदील होता. त्या पायरीवर बसल्या होत्या आणि समोर आरसा ठेवून गुडघा वाकवायचा प्रयत्न करत होत्या. गुडघा वाकत नव्हता. आतून भाकरीचा चांगला वास येत होता, म्हणजे हौसाबाई आली होती. ती हात पुसत बाहेर आली आणि उभी राहून पाहू लागली.

"त्यो आरसा ठिवा बाजूला," ती म्हणाली. "पाय दावा."

"माज्या पायाला कळतंय, हौसा."

"म्हाईत हाय मला. तरी दावा."

"तू दमून आलीयास. सकाळच्या मोटारीनं परत जायचंय तुला."

"सकाळ व्हायचीय आजून." हौसाबाईने खाली बसून बाईंचा पाय उचलला आणि आपल्या मांडीवर घेतला. तिच्या हातांची बोटं आखडलेली होती, त्यांना काही कळत नव्हतं, म्हणून तिने तळवा अगदी डोळ्यांजवळ नेला. "ही बगा. टाच फुटलीया. आन मला सांगताय, कळतंय म्हनून. उद्या चालायचं न्हाई. पानी भरायचं न्हाई. ऐकू आलं का?"

मी कुंपणापाशीच थांबले होते. पुढे जावंसं वाटेना, आणि परत फिरावंसंही वाटेना.

हौसाबाई आणखी खाली वाकली. बाईंनी एका हाताने कंदील उचलून तिच्यासाठी जवळ धरला. दुसरा हात जरा वेळ तसाच हवेत राहिला. मग तो हौसाबाईच्या डोक्यावर टेकला आणि बाईंचे ओठ हलले. त्या काय म्हणाल्या, ते मला तेवढ्या अंतरावरून ऐकू आलं नाही.